दुकानातच पेनड्राइव्ह लावून घेतलेला लॅपटॉप

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी मी लेबलं, खोक्यांवरची डिझाइनं आणि कॅटलॉग करते. सगळं काम डेबियन लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि इंकस्केप, गिम्प, स्क्रायबस या चित्रं-पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये. ऐन ऑर्डरींच्या गर्दीत लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानं मीटर लावून शॉर्ट दाखवला. बोर्ड बदलायचा खर्च ऐकून तो विचार तिथंच सोडला.

फायली मात्र शाबूत होत्या. एसएसडी, म्हणजे फायलींची डिस्क, काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि भावाच्या कॉम्प्युटरवर लाइव्ह पेनड्राइव्हनं (काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून) डेबियन सुरू केलं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्यानं तिनं पासफ्रेज मागितली. ती टाकताच सगळे फोल्डर जागच्या जागी दिसले. मग पुढचं ठरवायला डोकं शांत झालं.

नव्या पेठेत चौकशीला गेले, तर प्रत्येक जण आधी प्रोसेसर विचारायचा, नाहीतर बजेट. माझी गरज वेगळी होती. लिनक्समध्ये बहुतेक हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कर्नलबरोबरच (लिनक्सच्या गाभ्याबरोबरच) येतात. त्यामुळे वायफाय आणि ग्राफिक्सची चिप कर्नलच्या ओळखीची असली की अर्धं काम झालं. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एनव्हिडियाचं कार्ड पूर्ण ताकदीनं चालवायचं तर सहसा कंपनीचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. लेबलाच्या कामाला त्या कार्डाची गरजही नाही. अगदी ताज्या मॉडेलची अडचण निराळी असते. त्यातली चिप कर्नलपेक्षा नवी असू शकते. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२. त्यानंतर बाजारात आलेली चिप त्याला ठाऊक असेलच असं नाही.

म्हणून डेबियन १३ चा लाइव्ह पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवूनच फिरले. एका दुकानात नवा, पातळ, दिसायला देखणा लॅपटॉप होता. विचारून पेनड्राइव्ह लावला, तर वायफायच दिसेना. रॅमही ८ जीबी, बोर्डावरच सोल्डर केलेली. पुढं वाढवायची सोय नाही. स्क्रायबसमध्ये मोठा कॅटलॉग उघडला की ८ जीबी मला पुरत नाही. तो तिथंच ठेवला.

मग सात रस्त्याकडं, कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप विकणाऱ्या दुकानात गेले. ऑफिससाठी बनवलेली ही मशीनं जाडजूड असतात, पण उघडता येतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. माझ्यासारखीनं नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानदार म्हणाले, "अक्का, हे सातव्या पिढीचं घ्या की, लई स्वस्तात देतो." स्वस्त का, तेही कळत होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. लिनक्सला ती अट नाही. तरी मी आठवीच मागितली, कारण या लॅपटॉपांतल्या सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरला दोन कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) असतात, आठवीत चार. मोठी पीडीएफ बनवताना हा फरक जाणवतो.

त्यांच्याकडं २०१८ च्या मॉडेलचे थिंकपॅड टी४८० होते. रॅमचे दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून काढता येणारी. लेनोवोनं या मॉडेलचं दुरुस्तीचं मॅन्युअलही सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, कुठला स्क्रू आधी काढायचा इथपर्यंत.

पहिलं मशीन हातात घेतलं आणि सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले. सुपरवायझर पासवर्ड मागितला. आधीच्या ऑफिसनं घातलेला असणार, आणि या मॉडेलमध्ये बोर्डावरचा छोटा सेल काढूनही तो पासवर्ड जात नाही. ते परत दिलं. दुसऱ्याचा बायोस मोकळा होता, पण पडदा १३६६ बाय ७६८ चा, टीएन प्रकारचा, म्हणजे बाजूनं बघितलं की रंग बदलणारा. खोक्यावरचं छापील लेबल मी सोबत नेलं होतं. पडद्यावर तीच फाइल उघडली, तर मान जरा हलवली की गडद लाल विटकरी दिसायचा. माझं पोट रंगावर आहे, त्यामुळे तेही नको म्हटलं.

तिसऱ्याचा पडदा फुल एचडी, आयपीएस प्रकारचा, बाजूनंही रंग नीट दाखवणारा. रंग लेबलाच्या पुष्कळ जवळ होता. पेनड्राइव्हवरून सुरू करून सगळं एकेक तपासलं. इंटेलचं वायफाय लगेच जोडलं गेलं. पूर्वी अशा चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, वेगळं शोधून आणावं लागायचं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इमेजमध्येच असतं. झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं झालं. आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करायची बटणं, एचडीएमआय, सगळं चाललं. टर्मिनलवर यूपॉवर ही बॅटरीची माहिती देणारी कमांड चालवून बॅटऱ्या बघितल्या. आतली मूळची २४ वॉट-तासांची, त्यातली १९ उरलेली. बाहेरची बरीच थकलेली. तेवढ्यावर किंमत कमी करून घेतली. दुकानदारांनी हे सगळं करू दिलं, उलट शेजारी स्टूल ओढून बघत बसले. जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटीही दिली.

घरी येऊन मागचं कव्हर उघडलं, रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची डीडीआर४ रॅम बसवून १६ जीबी केली. डिस्क एन्क्रिप्ट करून डेबियन टाकलं, जुन्या एसएसडीवरून फायली आणल्या, सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला. बायोसचं अपडेट फर्मवेअर अपडेटच्या साधनातून डेबियनमधूनच झालं, विंडोज लागलं नाही. सगळं मिळून नव्याच्या निम्म्या पैशांत बसलं.

कारखान्यात जाऊन काम करायचं तर कापसाची तूस उडत असते, ती पंख्यात जाते. आता मॅन्युअल बघून पंखा मीच काढून साफ करते. बाहेरची बॅटरी तेवढी नवी घ्यायची राहिली आहे.