रबराच्या बागेतलं युद्ध: नुई दात आणि लाँग तान

ब्रिस्बेनला आमच्या घराजवळ एक आरएसएल क्लब आहे. मूळचा निवृत्त सैनिकांचा, पण जेवण आणि बिअर स्वस्त म्हणून सगळेच जातात, आम्हीही त्यातलेच. पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबर सहा वाजता अचानक लाईट मंद झाले, आणि अख्खा हॉल ताटावरून उठून उभा राहिला. युद्धात गेलेल्यांसाठी रोज चार ओळी म्हणतात तिथे. मी तोंडात गरम चिप कोंबलेल्या अवस्थेत उभा, चावू की नको कळेना.

तिथेच एक आजोबा भेटले. गप्पा मारताना मी सांगितलं की माझं गाव दोडामार्ग तालुक्यात, गोव्याच्या सीमेला लागून, आणि आमच्याकडे आता काजूपेक्षा रबर जास्त दिसतो, आमचीही थोडी जमीन एका मल्याळी माणसाने रबरासाठी घेतली आहे. रबर म्हटल्यावर आजोबा थांबले. मग म्हणाले, तू रबराच्या बागेत पावसात उभा राहिला आहेस का? म्हटलं, लहानपणापासून. तर म्हणाले, मग तुला लाँग तान कळेल, इथल्या पोरांना नाही कळत, त्यांना वाटतं जंगल होतं. लाँग तान म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ऑस्ट्रेलियनांची सगळ्यात प्रसिद्ध लढाई, रबराच्या बागेत झालेली. ते स्वतः १९६९ साली व्हिएतनामला होते, 'नॅशो' म्हणून. परत कधी गेले नाहीत. का नाही ते मी विचारलं नाही.

नॅशो म्हणजे नॅशनल सर्व्हिसमध्ये सक्तीने भरती झालेली पोरं. वीस वर्षांच्या पोरांची लॉटरी निघायची, अक्षरशः लॉटरी. पिंपात लाकडी गोट्या, प्रत्येक गोटीच्या नंबराला एक जन्मतारीख, तुमची निघाली की मेडिकल आणि मग सैन्य. त्यातून पुढे व्हिएतनाम. आणि मतदानाचं वय तेव्हा २१, म्हणजे ज्या सरकारने पाठवलं त्याला मत द्यायचा किंवा न द्यायचा हक्कसुद्धा नाही! न्यूझीलंडचं वेगळं होतं, त्यांनी सक्तीने भरती केलेलं कोणाला पाठवलं नाही, त्यांचे सगळे पगारी सैनिक, त्यात माओरी बरेच.

तर डिसेंबरच्या सुट्टीत व्हिएतनामचं ठरलं. मी, बायको, मुलगा, आणि गावाहून आलेली आई. हो ची मिन्ह सिटीत चार दिवस आणि मग वुंग ताऊला समुद्र. वुंग ताऊ गाडीने दोनेक तासांवर, आणि तिथून नुई दात, लाँग तान अगदीच जवळ. मी आधीच एका स्थानिक गाईडशी बोलून ठेवलं होतं, कारण लाँग तानला त्या लढाईच्या आठवणीचा एक क्रॉस आहे, त्याच्यापाशी जायचे नियम असतात, पासपोर्टची कॉपी वगैरे त्यानेच सांभाळलं. आदल्या रात्री आईला सांगितलं की उद्या दिवसभर मी रबराच्या बागेत जातोय. आई म्हणाली, "इतके पैशे घालून इलंस आणि रबर बघूक जातंस? घराकडे काय कमी आसा?" ह्याला उत्तर नव्हतं. शेवटी ती तिघं बीचवर आणि मी एकटा गाडीत.

वुंग ताऊ हे ऑस्ट्रेलियन लोकांचं पुरवठ्याचं ठिकाण होतं, हॉस्पिटल इथे, गोदामं इथे, आणि चार दिवस सुट्टी मिळाली की दारू प्यायलाही इथेच. एचएमएएस सिडनी नावाचं जुनं विमानवाहू जहाज सैनिकांची ने-आण करायचं, त्याला पोरं 'वुंग ताऊ फेरी' म्हणायची. आता हॉटेलं, सीफूड आणि डोंगरावर हात पसरलेला प्रचंड येशू. मी ह्यावर जास्त लिहीत नाही, यूट्यूबवर भरपूर आहे.

बा रिया गाव मागे पडलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. लाल माती, रस्त्याच्या कडेला रबराच्या सरळ रांगा, बुंध्याला तिरकी चीर, खाली वाटी. फक्त आमच्याकडे ऊन चढलं की वास येतो तो इथे सकाळीच येत होता, साठवलेल्या चिकाचा तो आंबूस, कुजका वास, ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. ह्या भागात दात दो नावाचं गाव आहे, गाईडला अर्थ विचारला तर म्हणाला, लाल माती. मी जोरात हसलो, त्याला कळेना काय झालं.

नुई दात म्हणजे मातीची टेकडी. खरंच लहानशी, आमच्याकडे तिला कोणी नावही दिलं नसतं. १९६६ मध्ये इथे ऑस्ट्रेलियाच्या टास्क फोर्सने तळ टाकला, तोही रबराच्या झाडांखालीच, आणि १९७१ च्या शेवटापर्यंत तो इथे होता. आता जुन्या गेटचे खांब आहेत, आणि तेव्हाचा लस्कम फील्ड नावाचा रनवे सरळ गावातला रस्ता झालाय. दोन्ही बाजूला घरं, मिरच्या वाळत घातलेल्या, एक बाई स्कूटरवर तीन पोरांना घेऊन गेली. रनवे आहे हे गाईडने सांगितल्यावरच कळतं, इतका सरळ रस्ता गावात कशाला असेल.

ह्या तळासाठी किंमत कोणी दिली तर लाँग फुओक गावाने. तळाच्या चारेक किलोमीटरच्या आत कोणी राहायचं नाही असं ठरलं, आणि लाँग फुओकच्या लोकांना उठवून दुसरीकडे नेलं, घरं पाडून टाकली. लष्करी दृष्टीने बरोबर असेलही, शत्रूला तळाजवळ आसरा नको. पण ते गाव फ्रेंचांच्या काळापासून भुयारं खोदत होतं, म्हणजे ज्या लोकांना आपल्याकडे वळवायचं त्यांनाच पहिल्या महिन्यात घराबाहेर काढलं. भुयारं आता बघता येतात. मी आत शिरलो आणि पोटामुळे अडकलो, जास्त सांगत नाही.

बाहेर आल्यावर न राहवून गाईडला विचारलं, की व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून, असं आमच्याकडे दर दोन महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर येतं, हे खरं का? त्याने नम्रपणे नाव परत विचारलं. मी स्पेलिंग सांगितलं. त्याने कधीच ऐकलं नव्हतं. मलाही त्या फॉरवर्डला आजवर कुठे पुरावा सापडलेला नाही, तरी काकांना सांगून बघा, ग्रुपमधून काढतील.

मग लाँग तान. नुई दातपासून पूर्वेला पाचेक किलोमीटर. गाडी थांबवून थोडं चालायचं, आणि रबराच्या मध्ये एका मोकळ्या जागेत तो साधा पांढरा क्रॉस. मूळ क्रॉस १९६९ मध्ये दुसऱ्या फेरीला आलेल्या सिक्स्थ बटालियनने उभारला होता, त्या बटालियनमध्ये तेव्हा किवी कंपन्याही मिसळलेल्या होत्या, म्हणून बटालियनच्या नावातच अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची जोडी. युद्ध संपल्यावर तो क्रॉस म्यूझियममध्ये गेला आणि २०१७ मध्ये व्हिएतनामने तो ऑस्ट्रेलियाला देऊन टाकला, सध्या कॅनबेराला आहे. इथला नंतरचा, नक्कल.

आता आजोबांचं म्हणणं. आपण सगळे ह्याला जंगल युद्ध म्हणतो, आणि ऑस्ट्रेलियन, किवी जंगलात खरंच तयार होते, मलायात कम्युनिस्टांशी लढून शिकलेले. पायवाटेने जायचं नाही, बोलायचं नाही, हाताने खुणा, साबणाचा वास नको, तासाला काहीशे मीटर इतकं हळू. अमेरिकनांना हे फार संथ वाटायचं. पण त्यांची सगळ्यात प्रसिद्ध लढाई झाली ती रबरात, आणि रबर म्हणजे जंगल नाहीच. खाली झुडूप नाही, लपायला मांडीएवढा बुंधा. रांगेच्या दिशेने बघितलं तर पार लांबपर्यंत दिसतं, जरा मान तिरकी केली की एकात एक खोड आणि पाच पावलांवरचं दिसत नाही. लहानपणी आम्ही लपाछपी खेळायचो तेव्हा हाच डाव, रांग बदलली की माणूस गायब.

१८ ऑगस्ट १९६६. आदल्या दिवशी पहाटे तळावर तोफगोळे पडले होते, ते टाकणाऱ्यांना शोधायला डेल्टा कंपनी निघाली, १०८ माणसं, मेजर हॅरी स्मिथ. त्याच दुपारी तळावर कॉल जॉय आणि लिटल पॅटी ह्या गायकांचा कार्यक्रम होता, पोरं रबरात शिरली तेव्हा मागून गाण्याचा आवाज येत होता म्हणे. चारच्या आधी गोळीबार सुरू झाला, आणि बघताबघता समोर व्हिएतनामी कम्युनिस्टांची पूर्ण रेजिमेंट निघाली, ऑस्ट्रेलियन अंदाजाने दोन हजारांच्या आसपास. रायफलवाल्याकडे साठ गोळ्या. आणि मग पाऊस.

हा पाऊस मला माहीत आहे. रबराची पानं आधी सगळं अडवतात, मग एकदम सोडतात, आवाज इतका की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं, आणि लाल चिखल उडून जमिनीपासून गुडघाभर उंच धुकं धरतं. जमिनीवर आडवी पडून लढणारी पोरं त्या उडणाऱ्या चिखलातच झाकली गेली. गोळ्या लागलेल्या झाडांतून पांढरा चीक वाहत होता.

१०८ मधले तिघं किवी होते, आणि हे माझं ठाम मत आहे की ह्या गोष्टीत त्यांना नेहमी एका ओळीत उरकतात. कॅप्टन मॉरी स्टॅनली, तोफखान्याचा, आणि त्याचे दोन साथीदार. स्टॅनलीचं काम म्हणजे चिखलात बसून, भिजलेल्या नकाशावर, दिसत काही नसताना, नुसत्या आवाजावरून अंदाज घ्यायचा आणि पाच किलोमीटरवरच्या तोफांना सांगायचं की गोळा कुठे टाक. जरा चुकलं तर आपलीच पोरं. न्यूझीलंडची, ऑस्ट्रेलियाची, अमेरिकेची मिळून २४ तोफा, तीन हजारांवर गोळे. वायुदलाच्या दोन हेलिकॉप्टरनी त्या पावसात झाडांच्या वरून ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पेट्या टाकल्या. अंधार पडता पडता चिलखती गाड्या ओढ्याच्या पुरातून पोचल्या.

१८ ऑस्ट्रेलियन मेले, निम्म्याहून जास्त नॅशो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले तेव्हा मेलेत असं धरलेले आपले दोघे जिवंत सापडले, जखमी, रात्रभर तिथेच पडून. व्हिएतनामी मृतदेह मोजले ते २४५, आणि ते ऑस्ट्रेलियनांनी तिथेच पुरले.

म्हणजे क्रॉससमोर मी जिथे उभा होतो ती जमीन कोणाची तरी स्मशानभूमी आहे. पाहुण्यांनी मेडल, युनिफॉर्म, झेंडा काही आणलेलं चालत नाही हा नियम मला आधी कद्रूपणा वाटला होता. २०१६ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा ऑस्ट्रेलियातून म्हातारे सैनिक आले आणि ऐन वेळी व्हिएतनाम सरकारने कार्यक्रम रद्द केला, मग छोट्या छोट्या गटांनी सोडलं, तेव्हा ब्रिस्बेनमध्ये लोक फार चिडले होते. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला होता. तिथे उभं राहून म्हटलं, आपल्या गावाच्या बागेत परक्या सैन्याने असा कार्यक्रम मागितला असता तर ग्रामसभेत काय झालं असतं! क्रॉसपाशी उदबत्त्यांच्या जळलेल्या काड्या होत्या. गाईडनेही तीन लावल्या. कोणासाठी ते मी विचारलं नाही, त्याच्या आजीचं माहेर लाँग फुओकचं.

परतताना दात दोवरून आलो. इथून समुद्रापर्यंत ११ किलोमीटर ऑस्ट्रेलियनांनी १९६७ मध्ये सुरुंगांचा पट्टा घातला होता, २० हजारांवर सुरुंग, ब्रिगेडियर ग्रॅहमची कल्पना. राखण करायला पुरेशी माणसं नव्हती. गावातल्या लोकांनी, त्यात बायकाही, रात्री जाऊन ते हाताने उकरून काढले आणि ऑस्ट्रेलियनांच्याच वाटेवर परत पेरले. पुढची कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियन पोरं स्वतःच्याच सुरुंगांवर मेली. आजोबांनी लाँग तानबद्दल तासभर सांगितलं होतं, पण सुरुंग म्हटल्यावर ग्लास बाजूला ठेवून बाथरूमला गेले होते, ते मला गाडीत आठवलं. ऑस्ट्रेलियाचे एकूण पाचशेवर गेले ह्या युद्धात, न्यूझीलंडचे ३७. दात दोमध्ये वो थी साऊचा पुतळा आहे, फ्रेंचांनी १९५२ मध्ये कोन दाओ बेटावर गोळ्या घातलेली इथलीच मुलगी. तिथे ताजी फुलं होती आणि शाळेची सहल आली होती.

हॉटेलवर पोचलो तर आईने सवयीने माझी पँट धुवायला घेतली आणि खिशातून रबराचं बी काढलं. जुनं, पोकळ, पण ठिपके अजून चकाकत होते, क्रॉसजवळून कधी उचललं माझं मलाच कळलं नव्हतं. आजोबांसाठी न्यावं असं मनात आलं, पण ब्रिस्बेन एअरपोर्टवर बी म्हटलं की कुत्रा, फॉर्म आणि दंड.

"ह्यां इतक्या लांबसून हाडलंस?" आई म्हणाली, आणि बाल्कनीतून खाली टाकून दिलं.