दोन हेल्मेटं

मी १०८ वर डॉक्टर आहे, म्हणजे ती पांढरी ॲम्ब्युलन्स येते ना त्यात मागे पेशंटजवळ बसतो तो बीएएमएसवाला. ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. आमचा पॉइंट रत्नागिरीच्या अलीकडे हायवेला, त्यामुळे हातखंबा, निवळी, पाली हा सगळा पट्टा पाठ झालाय, कुठल्या वळणावर फोन येणार ते पायलट आधीच सांगतो.

गोष्ट जूनच्या पहिल्या पावसाची. मिरग लागला की आम्ही दोघं चहा पण अर्धाच पितो. कारण पहिली सर पडली की रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते, त्यात चौपदरीकरणासाठी उकरून ठेवलेली लाल माती वाहून डांबरावर, वरून नुसतं ओलं दिसतं पण टायर टेकला की साबण. तासभर धो धो पडला तर निदान धुऊन तरी जातं, ही पहिली भुरभुर म्हणजे सगळ्यात बेकार.

सकाळी साडेनऊला पहिला कॉल, निवळी फाट्याच्या पुढे जाकादेवीच्या रस्त्याला. अंगणवाडीच्या ताई, मीटिंगला निघालेल्या, स्कूटी घसरली आणि तोंडावर पडल्या. आम्ही पोचलो तर दहा-बारा माणसं गोळा आणि एक बाप्या त्यांचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून ओढतोय. "काडा ता आधी, जीव गुदमरतोय तिचा!" असं मागून चाललेलं. मी गाडीतूनच ओरडलो, हात काढा, हात काढा! माणसं वाईट नसतात हो, मदतच करत असतात, पण मान मोडलेली असली तर त्या एका हिसक्यात माणूस गळ्याखाली कायमचा लुळा पडू शकतो. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटला हात लावूच नका, फक्त काच वर करा आणि बोलत रहा.

आम्ही काढलं ते असं. पायलट डोक्याशी गुडघ्यावर बसला, हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरून डोकं हलू दिलं नाही. मी काच उघडून आधी चष्मा काढला (हा चष्मा सगळे विसरतात आणि मग नाक सोलतं), बेल्ट सोडला, एक हात मानेखाली आणि एक जबड्याला. मग त्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणत, नाक सोडवायला जरा मागे कलवत हळूहळू सरकवलं. दोन मिनिटं गेली असतील. लगेच कॉलर लावली. ताई पूर्ण शुद्धीत, "सर मीटिंगला फोन करा" म्हणतायत.

हेल्मेटचा हनुवटीच्या पुढचा भाग घासून पांढरा पडला होता, बाजूने चीर गेलेली. ते आतलं थर्माकोल असतं ना, त्यावर अंगठा दाबला तर एका जागी चेपून गेलेलं कळत होतं. तिथे जबडा असता. मार लागला तो मनगटाला आणि डाव्या पायाला, पायात साधी चप्पल, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत सालपट निघालेलं. तळहातात जांभ्याची बारीक खर रुतली होती, सलाइन ओतून ओतून गॉजने काढावी लागली, तेवढ्यात मात्र रडल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, नवऱ्याने जबरदस्तीने घेऊन दिलं हे डबडं, वाडीत सगळे अंतराळवीर म्हणून हसतात. मी म्हटलं हसू दे, पण आता हे टाकून द्या, थर्माकोल एकदाच चेपतं. "दोन हजाराचं आहे ओ!" मनगट मोडलेलं आणि काळजी दोन हजाराची.

दुपारी सव्वातीनला दुसरा कॉल, हायवेलाच. विशीतला पोरगा, बाइक बाजूला पडलेली, हा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून लोकांना सांगतोय की मला काय नाय झालं, गाडी उचला. कपाळाच्या बाजूला कानाच्या वर टेंगूळ, थोडंसं रक्त. मी विचारलं हेल्मेट कुठाय.

"घातलेलं ना मी!"

"बेल्ट?"

जरा थांबला. "उकडतंय ना डॉक्टर, गळ्याला काचतो."

हेल्मेट पायलटला गटारात सापडलं, वीसेक फूट पुढे. आयएसआय मार्क, चांगल्यातलं, आणि त्यावर ओरखडासुद्धा नाही. लाल चिखल पुसला तर दुकानातून आत्ता आणल्यासारखं. म्हणजे पडताना आधी हेल्मेट उडालं आणि मग नुसतं डोकं आपटलं. मोटार वाहन कायद्यात कलम १२९ मध्ये लिहिलंय तसं, डोक्याला पट्ट्याने नीट बांधलेलं असेल तरच ते हेल्मेट. पण पोरं घालतात ती दंडाच्या भीतीने, चौकी दिसली की टोपीसारखी.

गाडीत घेतला तेव्हा बोलत होता. गाडी कुठाय माझी? सांगितलं. दोन मिनिटांनी परत, गाडी कुठाय माझी? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग उलटी. कुशीवर वळवला, ऑक्सिजन लावला, टॉर्च मारला तर उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी. पायलटला फक्त "दाब" म्हटलं, त्याला कळतं. कवटीच्या आत रक्त साठत असतं तेव्हा माणूस सुरुवातीला असाच चांगला बोलतो, घरचे म्हणतात अहो आत्ता तर पाणी मागत होता. हॉस्पिटलला सीटी झाला, श्वासाची नळी टाकली आणि संध्याकाळी आंबा घाटातून कोल्हापूरला रवाना, न्यूरोसर्जन तिथे. डोक्याच्या ऑपरेशनसाठी पेशंटला घाट चढावा लागतो हे लिहितानाही चीड येते, पण तो वेगळा विषय.

त्या रात्री मी घरी जाताना माझ्याच स्कूटरच्या आरशाला लटकलेलं हेल्मेट काढलं. पॉइंटपासून घर चार किलोमीटर, कोण घालतंय, असंच आपलं इतकी वर्षं.

पोरगा वाचला. दीड महिन्याने त्याचे वडील पॉइंटवर आले, गणपतीच्या आधी. म्हणाले बोलतो, ओळखतो, पण शब्द शोधत बसतो, आयटीआयचं वर्ष गेलं. काजू घेऊन आले होते, नको म्हणून ऐकेनात. मग पायलटने ते हेल्मेट आणून दिलं, आमच्या कपाटातच राहिलेलं. त्यांनी फिरवून फिरवून बघितलं, आत बोटं घालून दाबून बघितलं.

"चांगला हाय की. धाकट्याला वापरायला चालंल ना डॉक्टर?"

काय सांगणार. सकाळच्या ताईंचं, ज्याने काम केलं, ते भंगारात गेलं असेल, आणि हे काहीच न केलेलं एकदम ठणठणीत. चालेल म्हटलं, पण बेल्ट लावायला सांगा त्याला, दोनदा सांगितलं.

हो हो करत ते हेल्मेट कोपरात अडकवून गाडीवर बसले. मी मागून हाक मारली, अहो काका, तुम्ही तरी घाला! थांबले, हसले, डोक्यात घातलं आणि निघाले. बेल्ट दोन्ही बाजूंनी लोंबतच होता.