काचेवरची बोटं आणि वागळे इस्टेटमधला आमचा गाळा

टच टेबल, म्हणजे टेबलासारखा आडवा मोठा टचस्क्रीन, बनवून देणारे बरेच आहेत. काच, पॅनल, फ्रेम, स्टीलचा सांगाडा, सगळं बाजारात मिळतं. आम्ही करतो ते त्याच्या मधलं काम: काचेवर टेकलेली बोटं किती, कोणाची आणि त्यांना काय हवंय हे ठरवणारं सॉफ्टवेअर. २०१० पासून हेच करतोय, ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात. एका बाजूला टूल रूम, दुसऱ्या बाजूला पॅकेजिंगवाले. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये याच वागळे इस्टेटमधून झाली, आणि आजही इथे ब्रॅकेट असो की स्क्रू, चालत जाऊन करून आणता येतो. काचेशी ज्यांचा संबंध आहे त्यांना याची किंमत कळते. आयटी पार्कातल्या जागा पाहिल्या, पण आम्ही हललो नाही.

मल्टिटच ही कल्पना फोनच्या खूप आधीची. १९८२ साली टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी दुधी काचेमागे कॅमेरा लावून एकापेक्षा जास्त बोटं ओळखणारी यंत्रणा केली होती. २००६ मध्ये जेफ हान यांचं मोठ्या पडद्यावरचं प्रात्यक्षिक जगभर पाहिलं गेलं, २००७ मध्ये आयफोन आला. आमच्यासारख्या छोट्या फर्मला मात्र खरं दार उघडलं ते ऑक्टोबर २००९ मध्ये, विंडोज ७ मुळे. साध्या पीसीवर एकाच वेळी अनेक बोटांची माहिती मिळू लागली. मी तेव्हा कंट्रोल पॅनलचं सॉफ्टवेअर लिहीत होते. ती नोकरी सोडली आणि कॉलेजच्या मित्राबरोबर भागीदारीत फर्म काढली.

पहिलं मोठं काम घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरच्या साइट ऑफिसचं. पाडव्याला लाँच, त्याआधी टेबल बसवायचं. टेबलावर लेआउट प्लॅन, बोटांनी मोठा करून बघायचा. ऐकायला फोनसारखंच वाटतं, पण फोन एकाच्या हातात असतो आणि टेबलाभोवती अख्खं कुटुंब उभं राहतं. वडील टू बीएचकेचा नकाशा मोठा करतायत, मुलगी स्विमिंग पूलचा फोटो ओढतेय, आणि आजी वाकून बघताहेत तर त्यांचा पदर काचेवर आलाय. इन्फ्रारेड फ्रेममध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या चौकटीत, न दिसणारे किरण काचेच्या जरा वरून जातात. बोट असो, बांगडी असो की पदर, किरण अडला की झाला स्पर्श. सॉफ्टवेअरला दिसतात फक्त बिंदू. त्यातले कुठले दोन मिळून पिंच (चित्र लहानमोठं करायची दोन बोटांची चिमट), कुठलं बोट एकटं आणि कुठला पदर, हे ठरवणारं कोणीतरी हवं. आमच्या सॉफ्टवेअरची सगळी रचना या प्रश्नातून उभी राहिली.

आम्ही तिचे चार थर केले. सगळ्यात खालचा थर हार्डवेअरशी बोलतो आणि वर फक्त बिंदू पाठवतो: जागा, वेळ, मिळाला तर आकार. जागा मिलिमीटरमध्ये, पिक्सेलमध्ये कधीच नाही. कारण माणसाचा हात स्क्रीनच्या रिझोल्यूशनप्रमाणे लहानमोठा होत नाही. इथे ट्यूओ या खुल्या प्रोटोकॉलचा, म्हणजे स्पर्शाची माहिती पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचा, फार उपयोग झाला. बार्सिलोनातल्या रिॲक्टेबल या वाद्य-टेबलासाठी २००५ मध्ये तो तयार झाला होता. ट्यूओ बोलणारं कुठलंही टेबल आम्हाला एका दिवसात जोडता येतं.

दुसरा थर ओळख सांभाळतो: या फ्रेममधला बिंदू म्हणजे मागच्या फ्रेममधलं कुठलं बोट. फ्रेम म्हणजे इथे चौकट नाही, तर सगळ्या बिंदूंची एका क्षणाची नोंद. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दोन फ्रेममध्ये जेमतेम १७ मिलिसेकंद. बोट ज्या वेगाने चाललंय त्यावरून पुढची जागा अंदाजायची आणि तिच्या जवळचा बिंदू त्याच बोटाचा मानायचा. एखादी फ्रेम चुकली तर लगेच बोट उचललं असं समजायचं नाही, थोडी मुदत द्यायची. लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हे काम स्वतःच प्रत्येक बोटाला स्लॉट आणि ट्रॅकिंग आयडी, म्हणजे जागा आणि ओळख क्रमांक, देऊन करतो, तिथे आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवतो. बोटाची थरथर घालवायला वन युरो फिल्टर नावाची गणिती पद्धत वापरतो. बोट हळू असेल तर तो जास्त गुळगुळीत करतो आणि जोरात असेल तर मागे पडू देत नाही.

तिसरा थर टेबलाचा खास, फोनवर तो लागतच नाही. बोट ज्या वस्तूवर टेकलं, उचलेपर्यंत ते तिचंच. आणि पिंचची दोन बोटं टेकताना एकमेकांपासून एका वितीपेक्षा लांब असतील तर ती एका हाताची नाहीत. एवढ्या दोन नियमांनी टेबलाभोवतीची बहुतेक ओढाताण मिटते.

चौथ्या थरात जेश्चर, म्हणजे बोटांच्या खुणा, ओळखणारे. टॅप, ड्रॅग, पिंच, फिरवणं, दाबून धरणं: प्रत्येकाचं स्वतंत्र छोटं स्टेट मशीन, म्हणजे ठरलेल्या अवस्थांमधून जाणारा कोडचा तुकडा. 'शक्य आहे'पासून सुरुवात, मग 'सुरू झालं', 'बदललं', 'संपलं', नाहीतर 'फसलं' किंवा 'रद्द'. ॲपलने २०१० मध्ये आयओएस ३.२ मध्ये हीच मांडणी सगळ्या डेव्हलपर्सच्या हातात दिली. माझ्या मते या क्षेत्रातला तो सगळ्यात नेटका विचार आहे. आमच्याकडे यातल्या कोणालाही स्वतःहून निकाल द्यायची मुभा नाही. सगळे आपापला दावा सांगतात आणि वरचा एक निवाडा करणारा भाग कोणाचं खरं ते ठरवतो. नवीन जेश्चर आलं की बाकीच्यांच्या कोडला हात लावावा लागत नाही.

डबल टॅप आम्ही देत नाही. तो ठेवला की साधा टॅपही लगेच मान्य करता येत नाही, दुसरा येतोय का याची वाट बघावी लागते. अँड्रॉइडवर ही वाट साधारण ३०० मिलिसेकंदांची, आणि मोबाइल ब्राउझर याच कारणाने कित्येक वर्षं तेवढेच थांबत होते. गिऱ्हाईक बटण दाबतं आणि काहीच होत नाही, मग ते पुन्हा दाबतं. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी या बाबतीत आम्ही ऐकत नाही.

आमच्या कामाची पारख एका छोट्या गोष्टीवरून होते. दोन बोटांनी नकाशा मोठा करताना एक बोट उचला. नकाशा जागच्या जागी राहिला पाहिजे. बऱ्याच टेबलांवर तो उडी मारतो, कारण मध्यबिंदू अचानक उरलेल्या बोटावर जातो. आम्ही बोटांची संख्या बदलली की त्याच क्षणापासून मोजमाप नव्याने सुरू करतो. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला मी हे करून दाखवते आणि कारण विचारते.

पैशांचं थोडक्यात: पहिल्या बसवणीचे वेगळे आणि नंतर दर टेबलामागे परवाना. एका ग्राहकाने शेवटचा हप्ता फार लांबवला, तेव्हापासून अर्धी रक्कम आधी घेतो.

२०२० मध्ये सार्वजनिक काचेला हात लावायला कोणी तयार होईना. साइट ऑफिसं बंद, प्रदर्शनं बंद. तेव्हा आम्ही खाडीपलीकडे नवी मुंबईत गेलो, रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत, मशीनच्या पॅनलसाठी. तिथे कपॅसिटिव्ह काच (फोनसारखी, बोटामुळे होणारा विद्युत बदल ओळखणारी), ऑपरेटरच्या हातात ग्लोव्ह्ज आणि काचेवर पाण्याचे शिंतोडे. पाण्याचा थेंबही स्पर्शासारखा दिसतो. सगळ्यात खालचा थर आम्ही नव्याने लिहिला. वरचे तीन होते तसे चालले, फक्त काही मर्यादा बदलल्या. तो करार हाती आला म्हणून गाळा राहिला आणि कोणाला घरी पाठवावं लागलं नाही.

मशीनवर 'संपलं' आणि 'रद्द' यांतला फरक फार मोलाचा. बोट बटणावर असताना मध्येच दुसरी विंडो वर आली तर तो स्पर्श रद्द, आणि रद्द झालेल्या स्पर्शाने मशीनला कुठलीही आज्ञा जाता कामा नये. इमर्जन्सी स्टॉप तर आम्ही पडद्यावर काढतच नाही. ते लाल बटण वेगळं, हाताने दाबायचं, वेगळ्या वायरिंगचं.

प्रत्येक जागी पहिल्या आठवड्यात, ग्राहकाच्या परवानगीने, खालच्या थरातले कच्चे बिंदू वेळेसकट नोंदवून ठेवतो. वरचा एकही थर कॉम्प्युटरचं घड्याळ स्वतः बघत नाही, वेळ बिंदूबरोबरच येते. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या त्या कुटुंबाची बोटं आजही आमच्या गाळ्यात जशीच्या तशी पुन्हा चालवता येतात, तीही कितीतरी पट वेगाने. कोडमध्ये एक ओळ बदलली तरी अशा सगळ्या नोंदी रात्रीत पुन्हा चालतात, आणि सकाळी कुठलं जेश्चर वेगळं ओळखलं गेलं त्याची यादी आमच्या टेबलावर असते. ती यादी रिकामी असल्याशिवाय नवीन आवृत्ती ग्राहकाकडे जात नाही.

सध्या तेलकट हातांच्या नोंदी जमवतोय. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये टच पॅनल आहे आणि एक दिवस नोंदणी करू देतील, त्यांनी जरूर कळवावं. लॅपटॉप, केबल आणि माणूस आमचा.