आईचे परकर

आज आईला घेऊन नाशिकच्या मेन रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेले होते. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळी खरेदी तिथलीच. आईला हवे होते दोन साधे सुती परकर. तर परकरांचा काउंटरच नाही! तिथे परफ्यूम आणि मोबाइलची कव्हरं. ‘ताई, अडतीसच ना?’ विचारणारे काकाही दिसले नाहीत.

मग आईने एक कुर्ता घेतला. कापड चोळून बघितलं, शिवण उलटून बघितली. १२९९ वर ५० टक्के सूट. स्टिकरचा कोपरा सुटला होता, खाली जुनी किंमत ६५०. काही न बोलता तिने कुर्ता नीट घडी घालून परत ठेवला. फार वाईट वाटलं मला.

अशा दुकानांच्या घसरणीचं सगळं खापर ऑनलाइनवर फोडतात. पण स्वस्त हवं तर फोन आहे, भारी हवं तर कॉलेज रोडची शोरूम. मधल्या किमतीच्या दुकानाकडे ओळख आणि विश्वास एवढंच भांडवल. अमेरिकेत जेसी पेनी या दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये गिऱ्हाइकांच्या सवयीची सवलतीची कूपनं बंद केली, तर वर्षभरात विक्री पाव हिश्श्याने घटली. जुनं गिऱ्हाईक भांडत नाही, येणं बंद करतं.

परकर शेवटी दहीपुलावर मिळाले. दुकानदाराने न सांगता नाडीही ओवून दिली.