आई, तू ढकल

काल संध्याकाळपासून मी चिडलेय आणि कशावर ते मलाच नीट सांगता येत नाहीये. सांगण्यासारखं काही झालेलंच नाही. लेकीसाठी करायला घेतलेली बेअरिंगची गाडी पूर्ण झाली, चालली, मनू खूश झाली, कोणाचा गुडघासुद्धा फुटला नाही. तरी रात्री भाकऱ्या थापताना मी परातीवर जरा जास्तच हात आपटत होते म्हणे. आईंनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "काय गो, काय झालं?" म्हटलं, काही नाही. त्या बघत राहिल्या आणि गेल्या. त्यांना बरंच काही कळतं, पण ते असो.

झालं ते इतकंच. गाडी रस्त्यावर नेली. मनू बसली, दोरी हातात धरली, पाय पुढच्या दांड्यावर टेकवले आणि मागे न बघता म्हणाली, "आई, तू ढकल."

मी ढकललं.

मागे न बघता म्हणाली, तेच बहुतेक खटकलं. म्हणजे मी तिथे असणारच, हे तिने गृहीतच धरलं होतं. आता आठ वर्षांच्या पोरीने आईला गृहीत नाही धरायचं तर कोणाला धरायचं, हेही कळतं. पण कळतं म्हणून चीड जाते असं थोडंच आहे?

दिवाळीची सुट्टी लागली तशी आळीतली सगळी पोरं किल्ल्यासाठी माती आणायला पळाली. हिला गाडी हवी. मोबाईलवर कुठेतरी गो-कार्ट बघितलेली, इंजिनवाली. मीही मग बसून वाचलं. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या गृहस्थाने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून तसली पहिली गाडी केली. आमच्याकडे गवत विळ्याने कापतात, त्यामुळे इंजिनाचा विषय तिथेच संपला. म्हटलं, आपण बेअरिंगची गाडी करू, फळीला चाकांच्या जागी बेअरिंगं लावून उतारावरून सोडायची ती. "ती काय असते?" असं तिने विचारलं तेव्हा मला म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या पुढे एक गॅरेज आहे, तिथे गेले. तो म्हणाला, "ताई, घरातल्या कोणाला तरी पाठवा ना, म्हणजे नीट समजावून देतो." मी म्हटलं, ६२०४ नंबरची बेअरिंगं आहेत का जुनी, चार? खेळलेली नकोत. मग तो उठला. त्याला वाटलं असेल कागदावर लिहून आणलंय. लिहून आणायला कशाला हवं, शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचं माप येतं. ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. फक्त ०४ च्या खालच्यांना हे लागू नाही, ०३ सतराचं असतं. हे मला लहानपणापासून पाठ आहे आणि आजवर एकदाही कोणाला सांगायची वेळ आली नव्हती.

फळी फणसाची. माळ्यावर पडून होती, छपराचं काम काढलं तेव्हापासून. दांडे किंजळीचे. दांड्यांची टोकं वाकसाने उतरवायची, मग कानशीने घासत घासत बरोब्बर २० मिलिमीटरवर आणायची, मग बेअरिंग ठोकून बसवायचं. ठोकताना हातोडी आतल्या कडीवर पडली पाहिजे, बाहेरच्या कडीवर मारली की आतल्या गोळ्यांची वाट लागते. जरा सैल झालं तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. टोकाला आडवा खिळा, म्हणजे बेअरिंग निसटत नाही. पुढचा दांडा मधोमध अर्ध्या इंची बोल्टवर फिरतो, दोन्हीकडे वायसर, खाली डबल नट. नट फार आवळला तर गाडी वळत नाही, सैल ठेवला तर थरथरते. आणि दांडा फिरून फिरून किती फिरेल, त्याला दोन ठोकळे मारून आडकाठी करायचीच. नाहीतर एका बाजूचं चाक फळीखाली जातं आणि माणूस तोंडावर. दादाच्या हनुवटीवरची खूण त्यातलीच आहे.

बेअरिंगं डिझेलमध्ये धुतली, पूर्वी रॉकेल असायचं. धुऊन तशीच ओट्यावर ठेवली तर आपल्या या खाऱ्या हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस पूड दिसायला लागते, म्हणून लगेच ऑईल. ब्रेक म्हणून उजव्या हाताला एक लाकडी दांडी, तिच्या टोकाला टायरचा तुकडा, तो रस्त्यावर घासतो. आम्हाला ब्रेक नव्हता, टाचा होत्या.

आणि हो, रस्ताही झाडला. बेअरिंगचं चाक बाहेरून जेमतेम ४७ मिलिमीटर, त्याला हरभऱ्याएवढी खडी आडवी आली तरी गाडी जागच्या जागी थांबते आणि बसणारा पुढे जातो. म्हणून वरच्या वळणापासून खालच्या विहिरीपर्यंतचा सगळा सिमेंटचा उतार खराट्याने झाडून काढला. कोणी? मीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मंत्री येणारेत की काय?"

एवढं सगळं केल्यावर, "आई, तू ढकल."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर हसला. म्हणाला, अगं मग सुरुवातीला सपाट आहे तिथे कोण ढकलणार? बरोबर आहे त्याचं. त्याचं नेहमी बरोबरच असतं, तिकडून बोलताना तर जास्तच.

रात्री झोप येईना तेव्हा माहेरचा रस्ता डोळ्यांसमोर आला. राजापूरच्या बाजूला आमची वाडी खाली आणि शाळा वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. मधून जाणारी पाखाडी, जांभ्याच्या पायऱ्यांची. गाडी चालायची ती सड्यावरून वळसा घेत उतरणाऱ्या डांबरी रस्त्यावर. मुलगे बसायचे. मी आणि बेबी ढकलायचो. खाली पोचल्यावर गाडी परत वर न्यायची ती पाखाडीने, कारण रस्त्याने लांब पडतं. ती आम्हीच न्यायचो, एकीने पुढून, एकीने मागून. मागचीच्या खांद्यात दांडा रुतायचा. मी कायम मागची. बेबी पुढे का, ते मी कधी विचारलं नाही. बसायला मागितलं की मुलगे आधी सांगायचे, लहान आहेस. मग मोठी झाले तर म्हणाले, मुलगी आहेस. बसायला मिळायचं ते दिवेलागणीला, सगळ्यांचं मन भरल्यावर, जेव्हा घरून हाका सुरू झालेल्या असायच्या.

पण ढकलणं मला यायचं. हे खोटं नाही. नवा माणूस बसणाऱ्याच्या खांद्यांना ढकलतो, त्याने बसणारा पुढे वाकतो आणि दोरी ओढली जाते, गाडी तिरकी जाते. हात फळीच्या मागच्या कडेला लावायचे, अगदी बोल्टच्या रेषेत. एक हात जड पडला की गाडी भरकटते. कंबरेत वाकून पळायचं, पावलं लहान ठेवायची आणि उतार लागायच्या थोडं आधी एक शेवटचा रेटा देऊन सोडून द्यायचं. सोडणंच कठीण. उशिरा सोडलं की आपण तोंडघशी. दादा हाक मारायचा ती मलाच, "हिलाच ढकलू दे, बाकीचे गाडी वाकडी करतात." मला वाटतं, तेव्हा मी त्यावर खूश असायचे. दिवसभर पुरायचं ते.

दादाशी आता सातबाऱ्यापलीकडे बोलणं होत नाही. ते नंतर कधीतरी.

मग मोबाईल घेऊन बसले, जे अशा रात्री करू नये ते. अमेरिकेत बिनइंजिनाच्या अशा गाड्यांच्या शर्यती १९३४ पासून होतात. पहिली ओहायो राज्यात डेटन गावी, दुसऱ्या वर्षापासून तिथल्याच ॲक्रनला. मुलींना त्यात घेतलं १९७१ साली. सदतीस वर्षं काय करत होत्या मग त्या? ढकलत असतील, असं माझ्या मनात आलं आणि अंधारात एकटीच हसले. कारण तिथे ढकलायचंच नसतं, उतारावरून नुसती सोडतात. १९७५ ला एक मुलगी जिंकलीसुद्धा. ब्राझीलमधली पोरं आपल्यासारखीच बेअरिंग लावतात. आणि बर्फावरची ती घसरगाडी, बॉबस्ले, असते ना, तिच्यात चौघे जण साधारण पन्नास मीटर ढकलत धावतात आणि उडी मारून आत बसतात. आत बसतात! हे वाचून पुन्हा चिडले.

आता खरं काय ते बघू. मला पाहिजे होतं काय? मनूने उठून म्हणावं, "आई, आता तू बस"? बसले असते तर बेअरिंगांनी काही तक्रार केली नसती, ती शेकडो किलो पेलतात. फळीचं मात्र सांगता येत नाही, आणि शेजारच्या काकूंचं तर अजिबातच नाही. आणि मुलीने बसावं, हात मागून यावेत आणि तिने वळूनही बघू नये, हेच तर मला हवं होतं की. गाडी मनात आली तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हेच चित्र होतं, फक्त त्या चित्रात मागे कोण आहे ते मी बघितलं नव्हतं. मुलग्यांवर खापर फोडायची इतक्या वर्षांची सोय होती, तीही गेली. आता बसणारी मुलगी आणि ढकलणारी मी. भांडायचं कोणाशी?

आज सकाळी पुन्हा गेलो. खाली विहिरीपाशी पोचल्यावर बाईसाहेब उतरल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आई, गाडी वर ने ना."

इथे मात्र मी थांबले. म्हटलं, जो बसेल तो वर नेईल, हा नियम. तिने जरा विचार केला. "पण तू ढकलतेस तेव्हा तू पण पळतेस ना, म्हणजे तुला पण मजा येते. मग अर्धी तू ने." वकील होणार ही. मी हलले नाही. मग तिने वळवायची दोरी खांद्यावर टाकली आणि कुरकुरत, मध्येमध्ये बसत, वरपर्यंत ओढत नेली. तिला पाखाडी नाही, सिमेंटचा रस्ता आहे, एवढी प्रगती पुरे.

वर पोचेपर्यंत वरच्या घरातला मुलगा आला होता. त्याला ढकलायचं होतं. त्याने मनूच्या खांद्यांवर हात ठेवले. मनू म्हणाली, "तसं नाही. फळीला लाव. मधे. आणि मी सांगेन तेव्हा सोडायचं नाही, उताराच्या आधी सोडायचं."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

त्याने वेडंवाकडंच ढकललं आणि गाडी दगडी गडग्याला जाऊन टेकली. दोघं भांडली. मला परत बोलावणं आलं. गेले. आता कंबर धरलीय ती वेगळीच. फळी रस्त्यापासून चार-पाच इंचांवर, आणि तिला ढकलायचं म्हणजे माणसाने जवळजवळ रांगायचं. लहानपणी रस्ता जवळ होता, आता तो फार खाली गेलाय. आयुष्यात बघितलेल्या सगळ्या बेअरिंगच्या गाड्या आठवून बघितल्या. बसणाऱ्यासाठी पाय टेकायला दांडा, धरायला दोरी, कोणी हौशी असेल तर पाठीला टेकू, गोणपाटाची गादी. ढकलणाऱ्यासाठी कोणी साधी खुंटीसुद्धा मारलेली नाही. दादानेही नाही. काल मीही नाही.

तर मागे दांडा लावायचा. प्लंबरला सांगितलंय, एक इंची जीआय पाईप, तीन तीन फुटांचे दोन तुकडे आणि वर आडवा एक. खाली फळीला क्लॅम्प, थोडा मागे कललेला, म्हणजे धावताना गुडघे आपटणार नाहीत. उंची माझ्या कंबरेच्या मापाने. मनूला दाखवायला कागदावर काढलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "ही बाबागाडी दिसेल."

"दिसू दे."

"सगळे हसतील."

"हसू देत. जो हसेल त्याला ढकलायला लावू."

मग म्हणाली, पाईप लाल रंगवायचा. रंग तिचा, उंची माझी, असं ठरलंय.