चारच्या जरा अलीकडे

जुन्या टीव्हीचं बटण आकड्यावर बसलं की चित्र येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते बटण कधी फिरवलेलंच नाही. खटका चारवर पडतो आणि पडद्यावर मुंग्या. मग बटण केसभर मागे घ्यायचं आणि तसंच धरून ठेवायचं. चित्र येतं. हात सोडला की जातं.

यात भुताटकी काही नाही. आत एक गोल ड्रम असतो, त्यावर दर चॅनेलची वेगळी कॉइलची पट्टी. बटणाबरोबर ड्रम फिरतो आणि हवी ती पट्टी स्प्रिंगच्या पात्यांना येऊन टेकते. टेकायची जागा काळवंडलेली असते. केसभर बाजूला ती स्वच्छ सापडते, इतकंच. प्लग काढून बटण दहा-बारा वेळा गरगर फिरवलं तर पाती आपली आपणच घासली जातात. नाही भागलं तर कापडाला कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पुसावं. पॉलिश पेपर मात्र नको, चांदीचा मुलामा निघून जातो. बटणाच्या फटीत कागदाची घडी खोचणाऱ्यांना मेकॅनिक हसतात. मला ती घडी अगदी शास्त्रशुद्ध वाटते.

मोठ्या बटणामागची बारीक कडी हे वेगळंच प्रकरण. चित्र आणि आवाज एकाच चॅनेलवर 5.5 मेगाहर्ट्झच्या अंतराने येतात, आणि दोघांचं एकाच जागी पटत नाही. कडी एकीकडे नेली की चित्र मऊ होतं, रंग उडतो. दुसरीकडे नेली की रेषा धारदार होतात, पण कोणी बोललं की पडद्यावर आडवे पट्टे थरथरतात. पट्टे दिसेपर्यंत जावं आणि ते नाहीसे होतील एवढंच परतावं. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला, सेट असेल तर ही मेहनत लावल्या लावल्या करू नये. वीसेक मिनिटं तापू द्यावा, नाहीतर बातम्या संपेपर्यंत सगळं पुन्हा सरकलेलं असतं.

पुढच्या सेटमध्ये छोट्या झाकणामागे चॅनेल जुळवायला चॅनेलगणिक एकेक चाक आलं. खटका गेला, पण खोड्या राहिल्या. एएफसी, म्हणजे सापडलेलं चॅनेल आपोआप धरून ठेवणारी सोय, चालू ठेवून चाक फिरवलं की ती चॅनेलला कडेलाच धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी पकड सुटते आणि दोष अँटेनाला. आधी एएफसी बंद करावं, जुळवावं, मग चालू. एकच चॅनेल सरकत असेल तर त्याच्या चाकात धूळ. सगळेच एकदम सरकले तर ट्यूनरला, म्हणजे चॅनेल निवडणाऱ्या भागाला, 33 व्होल्ट स्थिर पुरवणारा भाग गेला म्हणावं.

आणि चार नंबर लावल्यावर शेजारच्या एफएम रेडिओवर 101 मेगाहर्ट्झच्या आसपास एकदम शांतता पसरली, तर रेडिओ उघडू नये. चित्र 62.25 वर, सेटची आतली वारंवारता 38.9, म्हणून ऑसिलेटर, म्हणजे सेटच्या आत लहरी तयार करणारा भाग, दोन्हींच्या बेरजेवर, 101.15 वर चालतो आणि थोडा बाहेर गळतो. त्याला इलाज नाही. रेडिओ दुसऱ्या खोलीत न्यावा.