भूतानला एक रात्र जास्तीची ठेवा

भूतानचा बेत ठरला आणि घरात पहिला वाद झाला तो १,२०० रुपयांवरून. भारतीय पर्यटकाला तिथे माणशी, दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी आई. म्हणजे एका रात्रीचे ३,६०० रुपये नुसत्या शुल्काचे, हॉटेल वेगळं. नवऱ्याचं म्हणणं पडलं की सहाऐवजी पाच रात्री करू. मी अडून बसले आणि सहाच ठेवल्या. आज कुणी विचारलं तर हेच सांगेन, की काटकसर हॉटेलात करा, गाडीत करा, पण रात्र कापू नका.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना लागतो, आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच हवं. आधार चालत नाही. आम्हाला एका एजंटाने 'आधार पुरे' असं ठामपणे सांगितलं होतं. मी स्वतः नियम वाचले म्हणून वेळेत कळलं. आईकडे पासपोर्ट नाही. तिचं मतदार कार्ड सापडलं ते रेशनकार्डाच्या डब्यात, लॅमिनेशनच्या कडा सुटलेलं, वीस वर्षांपूर्वीचा काळपट फोटो असलेलं. भूतानच्या सीमेवरच्या फुन्शोलिंगला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कार्डाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं आणि हसून ते परत दिलं. तेवढा वेळ माझा श्वास अडकला होता. लहान मुलं सोबत असतील तर त्यांचा जन्मदाखला घ्या.

पुण्याहून आम्ही विमानाने बागडोगऱ्याला गेलो. तिथून डुआर्सच्या चहाच्या मळ्यांमधून जयगावपर्यंत टॅक्सीने चारेक तास लागतात. रेल्वेने येणाऱ्यांना हासीमारा स्टेशन जवळ पडतं. जयगाव आपलं, कमानीपलीकडचं फुन्शोलिंग त्यांचं. पाऊल टाकल्याबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे करा. भारतीय गाडी पुढे न्यायची तर रोजचा वेगळा कर आहे, त्यामुळे तिकडचीच गाडी ठरवावी. थिंपू-पारोपलीकडे जायला गाईडही लागतो.

फुन्शोलिंग ते थिंपू दीडशे किलोमीटर, पण घाटाचे पाच-सहा तास धरा. आईला गाडी लागते, म्हणून निघण्याआधी तिला गोळी दिली होती. गेडूजवळ इतकं धुकं होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. हा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. १९६१ पासून ते लोक तिथे राबताहेत. वाटेत दंतकची पाटी दिसली की मला दर वेळी भरून यायचं.

पैशांचं सोपं आहे. ङुल्ट्रम हे तिकडचं चलन आणि आपला रुपया एकास एक, आणि आपल्या नोटा चालतात. शंभराच्या जास्त ठेवा. यूपीआयवर विसंबून राहू नका. उरलेले ङुल्ट्रम परत येण्याआधी संपवा, आपल्याकडे ते कुणी घेणार नाही. झोंगमध्ये, म्हणजे तिकडच्या किल्लेवजा मठात, शिरताना पूर्ण बाह्या आणि पायघोळ कपडे हवेत, टोपी काढायची.

खाण्याची मला काळजी होती, कारण आई शाकाहारी. ती काळजी एमा दात्शीने मिटवली. उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि चीज, बस. त्यांच्याकडे मिरची तोंडी लावायला नसते, ती भाजीच असते. ठेच्यावर वाढलेल्या आईने लाल भातासोबत दोनदा मागून घेतली. आमचा ड्रायव्हर तिला 'आमा' म्हणायचा, त्या दिवसापासून तिच्या ताटात काय आहे हे तोच आधी बघायला लागला.

पुनाखाचा झोंग १६३७ चा, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. आम्ही एप्रिलअखेर गेलो. पांढऱ्या भिंतींसमोर जॅकरंडा जांभळा फुलला होता. तिथे आम्ही दोन तास नुसते बसलो.

तक्तसांग हा कड्यावरचा बौद्ध मठ ३,१२० मीटरवर आहे, जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. घोडा फक्त चढताना आणि तोही अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच मिळतो, उतरायचं पायीच. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. आई कॅफेटेरियापाशी थांबली, तिथूनही मठ समोर दिसतो. पायथ्याला भाड्याने काठी मिळते, ती जरूर घ्या. फोन आत नेता येत नाही.

आणि मग ती सहावी रात्र. तक्तसांगनंतरचा दिवस आमच्याकडे मोकळा होता. पारो छूच्या काठाने चालताना तिरंदाजी चाललेली दिसली. दोन टोकांना दोन लाकडी फळ्या, मध्ये दीडशे मीटरच्या आसपास अंतर. मला तर समोरची फळी नीट दिसतही नव्हती. बाण लागला की तिकडचे गडी गोल करून, हात वर करत संथ लयीत नाचायचे, गायचे. घो, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा पारंपरिक अंगरखा, घातलेल्या एका आजोबांनी आईला बाकावर जागा करून दिली. संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. आई दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवत होती.